सौम्य आम्लाचा केए काढताना माझं उत्तर १.७ येतंय, पुस्तकात १.८ आहे. चूक कुठं?

खानापूर_पीयू

नमस्कार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता फर्स्ट पीयू (अकरावी) सायन्स, त्यामुळं शब्दांची सरमिसळ होईल, सांभाळून घ्या. आयनिक समतोलाच्या धड्यातली गणितं सोडवायलोय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं गणित: फॉर्मिक आम्लाच्या ०.१० मोलार द्रावणाचा पीएच (आपला सामू) २.३८ आहे, तर केए (आम्लाचा विचरण स्थिरांक) किती? मी असं केलं: हायड्रोजन आयनांची संहती ४.१७ × १०^-३. तिचा वर्ग १.७४ × १०^-५. त्याला ०.१० नं भागलं, १.७४ × १०^-४. पुस्तकाचं उत्तर १.८ × १०^-४. वर्गात ‘क्ष लहान असतो, सोडून द्यायचा’ असं सांगितलंय, म्हणून मी सोडला.

दुसरं: मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, ०.०१० मोलार, केए १.४ × १०^-३. पीएच काढा. माझं उत्तर २.४३, पुस्तकाचं २.५१.

दोन्हीकडं आकडेमोड तीनदा तपासली. पद्धतच चुकतेय का? सांगा की.

---

अनुमापन

आकडेमोड बरोबर आहे. क्ष सोडायची परवानगी कधी असते, हे मात्र तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दोन्ही गणितांत चूक तीच आहे, पण कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक बघू.

मुळापासून मांडतो. आम्लाला एचए म्हणू. सुरुवातीची संहती सं. त्यातले क्ष मोल प्रतिलिटर विचरित झाले, तर समतोलाला हायड्रोजन आयन क्ष, ए-ऋण आयन क्ष आणि न फुटलेलं आम्ल सं − क्ष.

केए = क्ष² ÷ (सं − क्ष)

छेदात जे येतं ते न फुटलेलं आम्ल. बाटलीवर लिहिलेली संहती सं आहे, ती छेदात जात नाही. तिथं नुसता सं लिहिणं ही सोय आहे, नियम नाही.

आता पहिलं गणित. पीएच दिलेला आहे, म्हणजे क्ष तुझ्या हातात आयता आहे. ज्याची किंमत माहीत आहे ते ‘लहान आहे’ म्हणून टाकून कशाला द्यायचं? एक वजाबाकी वाचते, एवढाच फायदा. ०.१० मधून ०.००४१७ वजा कर, ०.०९५८ उरतात. १.७४ × १०^-५ भागिले ०.०९५८, म्हणजे १.८१ × १०^-४. पुस्तकाचं उत्तर आलं.

हे पक्कं धर: पीएच देऊन केए विचारला असेल, तर क्ष कधीच सोडायचा नाही. तिथं वर्गसमीकरण येतच नाही, मग ते टाळायची गरज कुठून येणार?

केए देऊन पीएच विचारला की गोष्ट वेगळी. तिथं क्ष माहीत नसतो, समीकरण वर्गाचं होतं, आणि मग आपण म्हणतो की सं − क्ष हे जवळजवळ सं इतकंच धरू. त्यावरून क्ष = √(केए × सं). पण हे गृहीतक आहे, आणि गृहीतक धरलं की शेवटी तपासावं लागतं. तुझ्या दुसऱ्या गणितात क्ष = √(१.४ × १०^-५) = ३.७४ × १०^-३ आला. हा ०.०१० च्या ३७ टक्के आहे. शंभरातले सदतीस ‘लहान’ म्हणून सोडलेस, तिथं उत्तर हललं.

सर्वसाधारण संकेत ५ टक्क्यांचा. क्ष हा सं च्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. गणित करण्याआधीच अंदाज हवा असेल तर सं ला केए नं भागून बघ. भागाकार ४०० च्या वर असेल तर बिनधास्त सोड. हे ४०० कुठून आले, तेही समजून घे: विचरणाचा अंश साधारण √(केए ÷ सं), तो ०.०५ ठेवायचा, तर सं ÷ केए = १ ÷ ०.०५² = ४००. काही पुस्तकं ५०० म्हणतात, काही १०००. ती जास्त काटेकोर आहेत, एवढंच. तुझ्या गणितात ०.०१० ÷ ०.००१४ म्हणजे जेमतेम ७. इथं क्ष सोडायचा विचारसुद्धा करायचा नव्हता.

मग पूर्ण समीकरण: क्ष² + ०.००१४ क्ष − १.४ × १०^-५ = ०. विवेचक ५.८० × १०^-५, त्याचं वर्गमूळ ७.६१ × १०^-३, त्यातून ०.००१४ वजा करून निम्मं केलं की क्ष = ३.११ × १०^-३. पीएच २.५१.

वर्गसमीकरणाचा कंटाळा येत असेल तर एक जुनी पद्धत आहे, मला ती जास्त आवडते. आलेला क्ष छेदात परत टाकत राहायचं. पहिल्यांदा ३.७४ आला (सगळे × १०^-३). सं − क्ष = ६.२६, त्यावरून नवा क्ष = √(१.४ × ६.२६) = २.९६. परत: १० − २.९६ = ७.०४, क्ष = ३.१४. परत: ६.८६, क्ष = ३.१०. परत: ३.११. एकदा वर, एकदा खाली असं झुलत ते खऱ्या उत्तरावर येऊन थांबतं. आम्ल जितकं सौम्य, तितकं लवकर थांबतं. अ‍ॅसेटिक आम्लाला ०.१ मोलारमध्ये एका फेरीच्या वर लागत नाही.

---

निपाणीकर

वरचं सगळं बरोबर. मी लॉगबद्दल लिहितो, कारण कर्नाटकच्या सीईटीला कॅल्क्युलेटर नाही आणि ६० प्रश्नांना ८० मिनिटं असतात. मुलांचे मार्क खरे तर तिथं जातात.

पीएच २.३८ वरून संहती काढताना पुष्कळ जण १०^-२ घेतात आणि ०.३८ चा अँटिलॉग २.४ लावून २.४ × १०^-२ लिहितात. हे साफ चूक आहे. उणे २.३८ मधला ०.३८ सुद्धा उणेच आहे, आणि लॉगच्या तक्त्यात अपूर्णांक धन लागतो. म्हणून −२.३८ = −३ + ०.६२. आता ०.६२ चा अँटिलॉग ४.१७, आणि घात −३. ‘थ्री बार पॉइंट सिक्स टू’ म्हणतात ते हेच. चुकीच्या वाटेनं गेलास तर केए ७.६ × १०^-३ येतो, म्हणजे फॉर्मिक आम्ल चाळीसपटीहून जास्त तीव्र दिसायला लागतं. आणि परीक्षेत नेमका तोच आकडा एखाद्या पर्यायात असू शकतो.

तक्ता नसताना पाठ हवेत ते एवढेच: लॉग २ = ०.३०, लॉग ३ = ०.४८, लॉग ७ = ०.८५. बाकीचे यातूनच निघतात. १.८ म्हणजे २ × ३ × ३ ÷ १०, तर लॉग १.८ = ०.३० + ०.९६ − १ = ०.२६. अ‍ॅसेटिक आम्लाचा केए १.८ × १०^-५, म्हणून झाला त्याचा पीकेए (म्हणजे उणे लॉग केए): ५ − ०.२६ = ४.७४.

आणि सरळ सूत्र: पीएच = अर्धा × (पीकेए − लॉग सं). ०.१ मोलार अ‍ॅसेटिक: अर्धा × (४.७४ + १) = २.८७. दहा सेकंदांचं काम. सौम्य आम्लाला हे कायम लागू पडतं.

---

अनुमापन

निपाणीकर, बाकी सगळं मान्य, फक्त ‘कायम’ हा शब्द काढा. त्या सूत्रात क्ष सोडलेलाच आहे, म्हणून ४०० ची अट त्यालाही लागते. क्लोरोअ‍ॅसेटिकला तेच सूत्र लावलं की विद्यार्थ्याचं २.४३ परत येतं.

दुसऱ्या टोकालाही ते मोडतं. हायड्रोसायनिक आम्ल घ्या, केए ४.९ × १०^-१०, संहती १०^-५ मोलार. सं ÷ केए वीस हजारांवर, म्हणजे पहिली अट अगदी निर्धास्तपणे पास. सूत्रानं क्ष = ७ × १०^-८ आणि पीएच ७.१५. आम्ल घातलं आणि पाणी आम्लारिधर्मी झालं! हे शक्य नाही. इथं पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आम्लाच्या आयनांपेक्षा जास्त आहेत आणि ते आपण विसरलो. केए × सं हा गुणाकार केडब्ल्यूच्या (पाण्याच्या आयनिक गुणाकाराच्या), म्हणजे १०^-१४ च्या आसपास किंवा खाली आला, की √(केए × सं + केडब्ल्यू) घ्यायचं. √(१.४९ × १०^-१४) = १.२२ × १०^-७, पीएच ६.९१. सातच्या किंचित खाली, जसा असायला हवा.

---

निपाणीकर

बरोबर, माझा शब्द जास्त झाला. ‘सं ÷ केए ४०० च्या वर आणि केए × सं हे १०^-१४ च्या बरंच वर’ असं वाचावं.

---

खानापूर_पीयू

दोघांचे खूप आभार. पहिलं गणित आता डोक्यात बसलं.

अजून दोन शंका. एक: पाणी घातलं की विचरणाचा अंश वाढतो असं पुस्तकात आहे. मग विरल केल्यावर आम्ल जास्त तीव्र होतं का? दुसरी प्रॅक्टिकलची. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल ५.७ मिली घेऊन पाण्यानं एक लिटर केलं, म्हणजे ०.१ मोलार. पीएच मीटरवर ३.५ आला. वरच्या पद्धतीनं, क्ष न सोडता, केए १.० × १०^-६ येतो. खरा १.८ × १०^-५. इतका फरक? डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं म्हणून बोअरचं पाणी वापरलं, पण पाणी म्हणजे पाणीच ना?

---

मलप्रभाकाठ

पहिल्या शंकेचं उत्तर मी देते. घोटाळा शब्दातनं येतो. घरी आपण ‘सौम्य’ म्हणजे फिकं, पातळ केलेलं असं म्हणतो. रसायनशास्त्रात सौम्य आणि विरल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीव्र–सौम्य हा आम्लाचा स्वभाव, तो केए सांगतो. संहत–विरल म्हणजे लिटरमध्ये किती घातलंय ते. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाची बाटली १७ मोलारच्या वर असते, हातावर पडलं तर भाजतं, तरीही ते सौम्यच. आणि ०.००१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल विरल असूनही तीव्रच.

आता आकडे बघ, दोन्ही पूर्ण समीकरणानं काढलेले. ०.१ मोलार अ‍ॅसेटिक: १.३३ टक्के फुटतं, हायड्रोजन आयन १.३३ × १०^-३, पीएच २.८८. ०.००१ मोलार: १२.५ टक्के फुटतं, हायड्रोजन आयन १.२५ × १०^-४, पीएच ३.९०. टक्केवारी नऊपटीनं वाढली, पण आयन दहापटीहून जास्त कमी झाले, कारण मुळात आम्लच शंभरपट कमी आहे. केए दोन्हीकडं तोच. ऑस्टवाल्डनं १८८८ मध्ये मांडलेला विरलतेचा नियम तो हाच: टक्केवारी हलते, स्थिरांक हलत नाही.

यातनं एक खूणही मिळते. शंभरपट विरल केल्यावर पीएच साधारण १ नं चढला तर आम्ल सौम्य. २ नं चढला तर तीव्र. संहती नक्की माहीत नसली तरी हे कळतं.

म्हणून दोन आम्लांची तुलना करताना टक्केवारीवरनं करू नको. केली तर संहती सारखीच असू दे. सगळ्यात चांगलं म्हणजे केए किंवा पीकेए बघ. पीकेए लहान तितकं आम्ल तीव्र. क्लोरोअ‍ॅसेटिक २.८५, फॉर्मिक ३.७४, अ‍ॅसेटिक ४.७४. एक क्लोरीन जोडला की आम्ल जवळजवळ ऐंशीपट तीव्र होतं, कारण क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो आणि ऋण प्रभार पसरल्यामुळं आयन जास्त स्थिर होतो.

---

ब्युरेट_स्टँड

पाणी म्हणजे पाणी नव्हे. तुझा दोष तिथंच आहे आणि तो आकड्यात दाखवता येतो.

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. समज, लिटरला ५ मिलिमोल आहे. जड पाण्यात एवढं सहज असतं. ते तुझ्या १०० मिलिमोल आम्लातलं ५ मिलिमोल खाऊन टाकतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागं ५ मिलिमोल अ‍ॅसेटेट उरतं. पाच टक्केच ना, असं वाटेल. पण हे अ‍ॅसेटेट समतोल मागं ढकलतं, कारण द्रावणात स्वतःहून तयार होणारं अ‍ॅसेटेट फक्त १.३ मिलिमोल होतं. आता समीकरण असं: क्ष × (०.००५ + क्ष) ÷ (०.०९५ − क्ष) = १.८ × १०^-५. सोडव, क्ष = ३.२ × १०^-४ येतो, पीएच ३.४९. तुझं मीटर ३.५ म्हणतंय. मीटर खरं बोलतंय. ‘दोन्ही आयन सारखेच’ हे गृहीतक पाण्यानं मोडलं.

खात्री करायची असेल तर त्याच पाण्याचे १०० मिली घे, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाक, ब्युरेटनं ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल सोड. ५ मिलीच्या आसपास पिवळ्याचा नारिंगी झाला, तर माझा अंदाज बरोबर. पाणी उकळून भागत नाही: काही बायकार्बोनेट चुनखडी होऊन खाली बसतं, पण सोडियमचं असेल ते तसंच राहतं.

डिस्टिल्ड वॉटर मिळेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. केए काढायची दुसरी पद्धत आहे, आणि शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीच करायला सांगेन.

तेच आम्ल पिपेटनं अचूक २० मिली शंकुपात्रात घे. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. ब्युरेटमधून ०.१ मोलारच्या आसपासचा सोडियम हायड्रॉक्साइड सोड, फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत. आता त्याच आम्लाचे आणखी २० मिली त्याच पात्रात पिपेटनं घाल. रंग जाईल. ढवळ आणि पीएच बघ. तोच पीकेए.

कारण सोपं आहे. पहिल्या वीस मिलीचं सगळं अ‍ॅसेटेट झालं, दुसरे वीस मिली आम्लच राहिले. एचए आणि ए-ऋण सारखे झाले, केएच्या सूत्रात वर-खाली कापले गेले, उरला नुसता हायड्रोजन आयन. आम्लाची संहती माहीत असायची गरज नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचीही नाही, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लानं प्रमाणित करत बसायला नको. मीटरवर ४.६५ ते ४.७५ मध्ये काहीतरी दिसेल.

आणि बोअरचं पाणी? तुझ्याच द्रावणात हे केलंस तर १.९ मिलिमोल आम्लासमोर २.१ मिलिमोल अ‍ॅसेटेट येतं. फरक पीएचच्या फक्त ०.०४ चा. पहिल्या पद्धतीत केए सतरा-अठरापट चुकला होता, इथं दहा टक्के चुकेल.

मीटरच्या चुकीचंही तसंच. पीएच ०.१ नं चुकला, तर नुसत्या आम्लाच्या पीएचवरून काढलेला केए १.६ पट हलतो, कारण क्षचा वर्ग होतो. अर्ध्या उदासिनीकरणाच्या, म्हणजे वरच्या वीस-वीस मिलीच्या पद्धतीत १.२६ पटच. युनिव्हर्सल इंडिकेटरचा कागद वापरून एका अंकाची चूक झाली, तर हेच प्रमाण शंभरपट आणि दहापट. कागदावर केए काढायला जाऊ नको.

मीटर लावताना पीएच ४ आणि ७ च्या दोन्ही बफरवर (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणांवर) बसव, एकट्या ७ वर नको. तुझी सगळी मोजमापं आम्लाच्या बाजूला आहेत. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवू नये, पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलार द्रावणात ठेवावा. तापमानाची काळजी अ‍ॅसेटिक आम्लासाठी करू नको, डिसेंबरच्या थंडीत आणि एप्रिलमध्ये त्याचा पीकेए जवळजवळ तोच असतो. मीटरवरचा तापमानाचा आकडा मात्र द्रावणाइतका ठेव.

एक चूक हमखास होते: फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज. ते पीएच ४.४ लाच पिवळं होऊन बसतं. तेव्हा अ‍ॅसेटिक आम्लाचं फक्त ३० टक्के उदासिनीकरण झालेलं असतं. २० मिलीला साधारण २० मिली लागायच्या जागी ६ मिलीतच तू थांबशील. सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचा समबिंदू ८ आणि ९ च्या मध्ये असतो, तिथं रंग बदलणारा दर्शकच लागतो.

---

खानापूर_पीयू

केलं. अर्ध्या पद्धतीनं पीएच ४.७३ आला. −४.७३ = −५ + ०.२७, अँटिलॉग १.८६, म्हणून केए = १.८६२ × १०^-५. पाणी तेच, बोअरचं. मिथिल ऑरेंजची चाचणीही केली, ५.४ मिलीला रंग बदलला.

---

अनुमापन

छान. फक्त १.८६२ लिहू नको. पीएचमध्ये दशांशचिन्हानंतर दोनच अंक आहेत, म्हणून केएमध्येही दोनच अर्थपूर्ण अंक: १.९ × १०^-५. आणि बायकार्बोनेट ५.४ मिलिमोल निघालं आहे, तर अ‍ॅसेटेट–आम्ल गुणोत्तर दुरुस्त करून बघ: १०५.४ भागिले ९४.६ म्हणजे १.११, त्याचा लॉग ०.०५. पीकेए ४.७३ − ०.०५ = ४.६८. द्रावणात आयन बरेच असल्यानं एवढा खाली येणं अपेक्षितच आहे. वहीत दोन्ही आकडे लिही, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, आणि पाणी कुठलं वापरलं तेही.

---

खानापूर_पीयू

लिहितो सर. पुढचं बेन्झॉइक आम्लाचं गणित आहे, ०.०२० मोलार, केए ६.५ × १०^-५. सं ÷ केए ३०८ आलं, ४०० च्या खाली, म्हणून वर्गसमीकरणानं केलं: क्ष = १.११ × १०^-३, पीएच २.९६. क्ष सोडून २.९४ येत होतं.

---

मलप्रभाकाठ

दोन्ही आकडे बरोबर आहेत.